कापलेल्या कडेचा उजेड

उभ्या नोकरीत मी जे काही बनवलं, ते सगळं मिळून लोणच्याच्या एका बरणीत मावेल. पिवळसर पावडर. दिसायला बेसन, वासाला काही नाही, आणि चवीचं मला विचारू नका. घरी पाहुणे आले की सासूबाई मोठ्या अभिमानानं सांगायच्या, "आमची सून रंग बनवते." मग पाहुण्यांपैकी कोणीतरी हमखास विचारायचं, साडीचा की भिंतीचा?

मी रसायनशास्त्र शिकवत होते आणि फावल्या वेळात, म्हणजे खरं तर शिकवण्यातून चोरलेल्या वेळात, चमकणारे रंग बनवत होते. जांभळ्या दिव्याखाली धरले की उजळणारे. ही बातमी बाहेर कशी जाते कोण जाणे, पण जाते. एकदा नागपूरच्या महाल भागातल्या एका गणेश मंडळाचे अध्यक्ष थेट प्रयोगशाळेत आले. "मॅडम, अंधारात चमकते असं काही भेटते म्हणे तुमच्याकडं. आमच्या बाप्पाच्या मुकुटाले लावून द्या ना. पाहणारे पाहतच राह्यले पाहिजे." मी त्यांना समजावलं की हे आपोआप चमकत नाही, वेगळा दिवा लागतो आणि त्या दिव्यानं डोळे बिघडतात. ते जाताना जिन्यात सोबतच्या माणसाला म्हणाले, "बाईले द्यायचं नाही आहे गा." पुढे दोन-तीन वर्षं गणपती जवळ आले की मी प्रयोगशाळेचं दार आतून लावून बसत असे.

आता थोडं रसायनशास्त्र. घाबरू नका, फळा आणत नाही.

नेहमीच्या चमकणाऱ्या रंगांना एक खोड असते. पाण्यात विरळ असले की छान उजळतात, आणि दाटीनं एकत्र आले की विझतात. पेशीच्या आत तर दाटीच दाटी. त्यामुळे जिथे उजेड हवा, नेमके तिथेच ते दगा देतात. आमचा रंग उलट्या खोपडीचा. एकटा असला की मुका, गर्दी झाली की उजळतो. त्याच्या प्रत्येक रेणूला चार पंख असतात. रेणू मोकळा असला की दिव्याकडून मिळालेली सगळी शक्ती तो पंख फिरवण्यात उधळून टाकतो. गर्दीत पंख हलायला जागा नसते, म्हणून तीच शक्ती उजेड होऊन बाहेर पडते. शाळेची पोरं मैदानात सोडली तर धावून धावून दमतात. तीच ऑटोत कोंबली की अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी गाणी म्हणतात. एका परिषदेत मी हे उदाहरण दिलं तेव्हा समोरचे एक मोठे प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी नागपुरातला शाळेचा ऑटो पाहिला नसावा.

या रेणूला आम्ही एक शेपटी जोडली. ती कर्करोगाच्या पेशीला चिकटते, निरोगी पेशीला सहसा चिकटत नाही. म्हणजे रंग रोगाच्या पेशीत साठतो, साठला की गर्दी होते, गर्दी झाली की उजळतो. शिवाय त्याच रंगावर प्रखर उजेड बराच वेळ टाकला तर तो आजूबाजूच्या प्राणवायूला असा चेतवतो की ती पेशी मरून जाते. दाखवणारा तोच, मारणाराही तोच. उंदरांमध्ये दोन्ही जमलं. माणसाला तो टोचायची परवानगी मात्र फार दूरची गोष्ट. तो विषारी नाही हे सिद्ध करायला वर्षं लागतात, आणि लागायलाच हवीत. ज्याला घाई असते तो हे ऐकून चिडतो. मीही चिडलेली आहे, पण ते पुढे सांगते.

आम्ही तोंडाचा कर्करोग निवडला, कारण तो शोधायला आम्हाला लांब जावं लागत नव्हतं. आमच्याकडे खर्रा खातात. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर खसाखसा घासतात, आणि ती पुडी खिशात घेऊन माणूस दिवसभर गालात भरत राहतो. रिक्षावाला खातो, कारकून खातो, आमच्या विभागाचा शिपाई खायचा, आणि एक विभागप्रमुखही खायचे. नाव सांगत नाही. ते आता या जगात नाहीत.

तोंडाची शस्त्रक्रिया करणाऱ्यापुढे अडचण एकच असते. गाठ दिसते, तिचा शेवट दिसत नाही. कमी कापलं तर रोग मागे राहतो. जास्त कापलं तर माणसाचं बोलणं जातं, गिळणं जातं, चेहरा जातो. म्हणून कापून काढलेल्या तुकड्याची कडा तपासतात. कडेवर रोग नसेल तर सगळा निघाला असं समजायचं. ही तपासणी पॅथॉलॉजीत होते. एका रुग्णालयातले सर्जन आमचे सहकारी होते. पॅथॉलॉजीचं निवडून झालं की कडेचा उरलेला एखादा पातळ काप, रुग्णाच्या संमतीनं, आमच्याकडे यायचा. आम्ही तो रंगात बुडवून, धुऊन, अंधारखोलीत दिव्याखाली ठेवायचो. अंधारखोली म्हणजे जुनी अडगळीची खोली, खिडकीला काळा कागद लावलेली. तिथे कूलर नव्हता. मे महिन्यात तिथे उभं राहणं हीच एक तपश्चर्या होती.

अशाच एका मे महिन्यात आमच्या हातून एक गोष्ट घडली, ती नागपूरकरांच्याच हातून घडावी. ऊन एवढं होतं की काप वाटेत नासेल या धास्तीनं आणणाऱ्यानं डब्यात बर्फ भरला, इथल्या विद्यार्थ्यांनी त्यात आणखी बर्फ ओतला, आणि मी येता-जाता अजून थोडा टाकला. बर्फाच्या बाबतीत आमच्याकडे कोणी हात आखडता घेत नाही. काप गोठला. पेशी फुटल्या. रंग सगळीकडे चिकटला आणि ती कडा या टोकापासून त्या टोकापर्यंत झगमगली. आम्ही हरखून सर्जनांना फोन केला. त्यांनी आमच्यावर विश्वास ठेवला, पॅथॉलॉजीशी भांडून पुन्हा बघायला लावलं, आणि रुग्णाला परत टेबलावर घेऊन आणखी थोडा भाग काढला. त्यात काहीच निघालं नाही. तो माणूस बरा झाला, पण सर्जनांना त्यांच्या बैठकीत सगळ्यांदेखत ऐकून घ्यावं लागलं. नंतर ते मला शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्या दिव्याला जे दिसतं ते आता तुमच्या खोलीतच राहू द्या." त्यांचं बरोबर होतं.

प्रज्ञा माझ्याकडे आली ती त्याच्या पुढच्या वर्षी. नंदनवन वस्तीत घर, वडील सुखदेवजी कळमन्याच्या बाजारात मिरचीची पोती उचलायचे. ते मुलीला प्रवेशाच्या दिवशी सोडायला आले होते. अंगाला मिरचीचा वास असा की माझी शिंक थांबेना. ते ओशाळून दाराबाहेर जाऊन उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "मॅडम, माह्या बापानं मले शाळेत टाकलं होतं, मीच पळून आलो. हे पोट्टी पळणार नाही." ती पळाली नाही. हात इतका स्वच्छ की तिनं धुतलेला काप मी पुन्हा धुवायला सांगितला नाही. सारखी विचारायची, "मॅडम, हे माणसाला कधी द्यायचं?" मी म्हणायचे, "आधी पीएचडी तर कर."

एका हिवाळ्यात तिनं मला विचारलं, तोंडात नुसती आग होणं म्हणजे काय असू शकतं? मी विचारलं, कुणाला?  दुसऱ्या दिवशी ती सुखदेवजींना घेऊनच आली. ते हसत होते. "जन्म गेला मिरचीत, कधी ठसका नाही लागला. आता वरणही झोंबून राह्यलं. पोट्टी घाबरते उगाच." मी त्यांना तोंड उघडायला सांगितलं. मी डॉक्टर नाही, पण अशा कडा मी वर्षानुवर्षं बघत होते.  मी त्यांना आमच्या सर्जनांकडे पाठवलं.

प्रज्ञानं मला एकदाच विचारलं. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, त्यांना रंग देता येईल का? ऑपरेशनच्या आधी. मी जबाबदारी घेते." मी नाही म्हटलं. परवानगी नाही, माणसावर काय होईल माहीत नाही, आणि आपल्या माणसावर तर मुळीच नाही. हे सगळं खरं होतं आणि तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी ती चिडली, आणि मीही चिडले. कुणावर ते आजही सांगता येणार नाही.

ऑपरेशन झालं. गालाच्या आतला भाग काढला. संध्याकाळी नेहमीप्रमाणे काप आला. डब्यावर नाव नसतं, पण त्या दिवशी त्या रुग्णालयात अशी शस्त्रक्रिया एकच झाली होती. प्रज्ञानं त्याला हात लावायचा नाही हे मी आधीच सांगितलं होतं. सगळं मी केलं. ती अंधारखोलीत भिंतीला टेकून उभी राहिली. तिला बाहेर काढायचं धैर्य मला झालं नाही.

मी दिवा लावला. काप काळाच राहिला. मी श्वास सोडणार, एवढ्यात एका कोपऱ्याकडे, अगदी कापलेल्या रेषेवर, एक बारीक पिवळा-हिरवा ठिपका उजळला. मी दिवा हलवला, काप फिरवला. ठिपका तिथेच.

मागून प्रज्ञा म्हणाली, "मॅडम, बर्फ जास्त झाला असेल."

डिसेंबर होता. त्या दिवशी डब्यात बर्फाचे मोजकेच खडे होते, ते तिनं स्वतः पाहिलं होतं. मी म्हटलं, "नाही बेटा."  दिवा बंद केल्यावरही आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.

दुसऱ्या दिवशी मी सर्जनांकडे गेले. मी फोन केला नाही, स्वतः गेले. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "रिपोर्ट येऊ द्या." रिपोर्ट आला. कडा साफ, मानेतून तपासायला काढलेल्या गाठीही साफ. पॅथॉलॉजीनं जे काप तपासले होते त्यांत खरंच काही नव्हतं. आमच्याकडचा काप त्यांच्या शेजारचा होता, बस. रोग लहान, सगळं साफ, म्हणून शेक, म्हणजे किरणोपचार, द्यायचीही गरज नाही असं ठरलं. मी पुन्हा गेले. सर्जनांचा आवाज चढला नाही. "मॅडम, तुमच्या दिव्याच्या भरवशावर मी एकदा एका माणसाला दुसऱ्यांदा टेबलावर घेतलं आहे. परत नाही घेणार. दर महिन्याला बोलावून तपासीन, एवढं नक्की." त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. हे मी अनेक रात्री स्वतःला समजावलं आहे आणि दर वेळी ते पटतं. पटतं आणि तरी झोप लागत नाही.

घरच्यांना सांगायचं नाही हाही नैतिकता समितीचा नियमच. संशोधनात जे दिसतं ते रुग्णाला किंवा नातेवाइकाला कळवायचं नसतं, कारण ते अजून सिद्ध झालेलं नसतं. नातेवाईक माझ्यासमोर पांढरा कोट घालून उभी होती. तिनं घरी काही सांगितलं नाही. मीही सांग म्हटलं नाही.

काही आठवड्यांनी सुखदेवजी संत्रा बर्फीचा डबा घेऊन विभागात आले. बोलणं थोडं बोबडं झालं होतं, गाल एका बाजूनं आत गेला होता, पण ते खूष होते. "साफ आला मॅडम रिपोर्ट! खर्रा सोडला, मायची आन. पुढच्या महिन्यात बाजारात जातो म्हणतो, घरी बसून अंग आंबून राह्यलं." त्यांनी स्वतःच्या हातानं सगळ्यांना बर्फी वाटली. शिपायाला दोन दिल्या, कारण तो खर्रा खात होता आणि त्याला ते सोडायला सांगत होते. प्रज्ञानं तिचा तुकडा खाल्ला. मी माझा खाल्ला. इतकं गोड मी आयुष्यात कधी इतक्या कष्टानं गिळलं नव्हतं.

ते बाजारात गेलेसुद्धा. ओझं उचलत नव्हते, तोलाईच्या काट्याजवळ उभे राहून पोत्यांकडे बघायचे.

पावसाळा संपता संपता त्यांच्या तोंडात पुन्हा जखम दिसली. सर्जनांनी बोट ठेवून दाखवलेली जागा मी पाहिली. ती तीच होती. या वेळी जबडा गेला, मग शेक, मग औषधं, मग पोटात नळी. सर्जन फोनवर एकदाच म्हणाले, "तुमचा दिवा बरोबर होता." मी फोन ठेवला. हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते, आणि ते ऐकून मला रडू आलं ते आनंदाचं नव्हतं. शेवटी शेवटी सुखदेवजी फक्त मान हलवायचे. मी भेटायला गेले की हात जोडायचे. त्यांचे जोडलेले हात मला सहन होत नसत, म्हणून मी कमी जाऊ लागले. ते हिवाळ्यात गेले.

प्रज्ञा महिनाभरानं परतली आणि प्रबंध लिहायला बसली. इथे आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. नवा रंग बरोबर की चूक हे ठरवायला कुठलं तरी माप लागतं, आणि ते माप म्हणजे पॅथॉलॉजीचा रिपोर्ट. रंग उजळला आणि रिपोर्टात रोग निघाला, तर रंग बरोबर. रंग उजळला आणि रिपोर्ट साफ, तर रंग चुकला. हा नियम काम सुरू होण्याआधी मीच घालून दिला होता. पुढे काय घडलं ते बघून माप बदलायचं नाही. बदललं की ते संशोधन राहत नाही, आपली इच्छा होते. म्हणजे सुखदेवजींचा काप आमच्या रंगाची चूक म्हणून नोंदवायचा होता. मी प्रज्ञाला म्हटलं, नातेवाइकाचा नमुना म्हणून हा सरळ गाळता येतो, कोणी हरकत घेणार नाही. ती म्हणाली, "नाही मॅडम. गाळायचा नाही." आणि तिनं तो चुकांमध्ये लिहिला.

तोंडी परीक्षा खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. प्रज्ञाची आई, शांताबाई, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. बाहेरगावचे परीक्षक कडक होते, पण वाईट नव्हते. त्यांनी एक चित्र मागे घ्यायला सांगितलं. पडद्यावर काळा काप आला आणि त्याच्या कडेचा पिवळा-हिरवा ठिपका. "इथे तुमचा रंग चुकला आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "एवढ्या स्वच्छ कामात ही चूक कशी झाली?"

 प्रज्ञा इंग्रजीतच सावकाश म्हणाली, "सर, नियमाप्रमाणे ही चूक आहे आणि मी तसंच लिहिलं आहे. पण त्या माणसाचा रोग नंतर याच जागी परत आला. आता तो माणूस नाही. ही वॉज माय फादर."

परीक्षकांनी चष्मा काढला. 

नंतर चहा होता. लोक अभिनंदन करत होते, समोसे संपत होते. शांताबाई मुलीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू त्या सायबाले फादर म्हणली. काय सांगतलं वं?" मी जवळच होते. प्रज्ञानं आईला सगळं सांगितलं. काप, ठिपका, डिसेंबर. काहीच लपवलं नाही. 

"म्हणजे तुले तवाच दिसलं होतं," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो आई."

"मॅडमले पण?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी चहाचा कप खिडकीत ठेवला. "पुन्हा कापलं असतं तर वाचले असते का ते?"

"माहीत नाही ताई," मी म्हटलं. एवढी वर्षं या विषयात घालवून मला तेच एक उत्तर खरं देता येत होतं. "कदाचित. कदाचित नाही. डॉक्टरांनाही खात्री नव्हती."

"तुमाले माहीत नव्हतं, डॉक्टरले माहीत नव्हतं. असते तसं, त्याचं काही नाही." त्यांचा आवाज अगदी साधा होता, दळण कधी मिळेल असं विचारावं तसा. "पण त्याईले विचारायचं ना. अजून कापू का राहू देऊ, असं त्याईले विचारायचं. तोंड तर त्याईचंच होतं."

प्रज्ञानं मान खाली घातली. मला नियम आठवत होता, समितीचा, माझा स्वतःचा, आणि त्यातलं एकही वाक्य त्या बाईसमोर उच्चारण्यासारखं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही.

"पुढच्याले तरी विचारजा," त्या म्हणाल्या.